चव कोणी कोणाची शिकायची?

‘गाढवाला गुळाची चव काय?’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणीतले गाढव कोण आणि गूळ कोणाचा, हे सांगावे लागत नाही. चव ही काहींना जन्मानेच मिळते आणि उरलेल्यांना ती कधीच कळणार नाही, असा या म्हणीचा रोख आहे. दुसरीकडे ‘आवड ज्याची त्याची’ असे म्हणून हाच विषय खाजगी करून टाकला जातो. या दोन्ही समजुतींनी एकच काम केले आहे : ताटावरची चर्चा थांबवण्याचे.

वस्तुस्थिती अशी की, चव शिकली जाते. आज जो पदार्थ नकोसा वाटतो तो उद्या आवडीचा होऊ शकतो आणि हे कसे घडते याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. जे शिकले जाते ते शिकवलेही जाते. आणि शिकवणे आले की कोणी शिकवायचे आणि कोणी शिकायचे, हा सत्तेचा प्रश्न आला. तेव्हा नावडते अन्न आवडते कसे होते हे आधी समजून घेऊ, आणि मग आपल्या समाजात हे शिकणे एकाच बाजूने का चालले आहे, ते पाहू.

जिभेचे भांडवल

जन्मतः माणसाजवळ चवीचे भांडवल थोडेच असते. जन्मून काही तासच झालेल्या बाळाच्या जिभेला गोड लावले की त्याचा चेहरा सैल होतो, कडू लावले की तोंड वेडेवाकडे होते. जेकब स्टायनर या संशोधकाने १९७० च्या दशकात हे दाखवून दिले. निसर्गात गोड म्हणजे बहुधा पोटभरीचे आणि कडू म्हणजे अनेकदा विषारी. म्हणून एवढी शहाणीव शरीर बरोबर घेऊन येते. बाकी बहुतेक सारे नंतरचे शिक्षण.

हे शिक्षण आईच्या पोटातच सुरू होते. लसणासारख्या पदार्थांचा वास गर्भजलात आणि पुढे अंगावरच्या दुधात उतरतो. ज्युली मेनेला आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बायांना गरोदरपणी, काहींना अंगावर पाजत असताना, तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस गाजराचा रस दिला. पुढे त्यांची बाळे खाऊ लागली, तेव्हा गाजराची चव असलेली पेज त्यांनी इतर बाळांपेक्षा कमी कुरकुर करत खाल्ली. याचा अर्थ, आमच्या आयांनी पोटुशी असताना जी भाकर, जो ठेचा आणि जी आंबाडीची भाजी खाल्ली, तोच आमचा चवीचा पहिला धडा होता. शाळेत नाव घालण्याच्या कितीतरी आधी आमची जीभ शिकू लागली होती.

साधारण दोन ते सहा या वयात मूल नव्या पदार्थाला बिचकते. ‘मला नको’ हा त्या वयाचा मंत्रच असतो. लीॲन बर्च आणि तिच्या सहकारी मार्लिन यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग असा : मुलांना अनोळखी पदार्थ कमीत कमी दोन ते जास्तीत जास्त वीस वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला, तो तितका अधिक आवडू लागला. पुढच्या एका अभ्यासात असेही दिसले की पदार्थ नुसता पाहून भागत नाही, तो जिभेवर जावा लागतो. घास थोडासा चालेल, पण तो पुन्हा पुन्हा मिळाला पाहिजे.

मोठ्या माणसाच्या बाबतीतही हे घडते. मी बालाघाटच्या डोंगरपट्टीतल्या गावची आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरी ज्वारीची भाकर, येसर घातलेली झणझणीत आमटी आणि ठेचा. शहरातल्या वसतिगृहात गेले तेव्हा ताटात आली ती गूळ, आमसूल आणि गोडा मसाला घातलेली तुरीची आमटी. पहिले काही आठवडे ती मला औषधासारखी लागली. तिखटाच्या जागी गूळ कशासाठी, हेच कळेना. पण रोज तीच आमटी, पोटात सपाटून भूक आणि सोबत हसतखेळत जेवणाऱ्या मैत्रिणी. दोन-तीन महिन्यांत ती सरावाची झाली आणि वर्ष संपता संपता आवडीची. आज माझ्या घरात ती आमटी आठवड्यातून एकदा होते आणि मी ती चवीने खाते.

सरावाने सगळे जमते का?

मग नुसता सराव पुरतो का? आमच्या आजीच्या पिढीकडे पाहिले तर उत्तर ‘नाही’ असे येते. १९७२-७३ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला. ही अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालत. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मिलोची भाकर तिने महिनोन् महिने खाल्ली. वीस वेळा चाखल्याने चव जडत असेल तर मिलोची गोडी साऱ्या मराठवाड्याला लागायला हवी होती. पण त्या पिढीतल्या म्हाताऱ्या माणसांपुढे मिलोचे नाव काढून बघा, ती तोंड फिरवतात. ते अन्न लाचारीच्या दिवसांत, रांगेत उभे करून, ‘मिळतंय ते घ्या’ म्हणून दिलेले होते. जिभेने चवीबरोबर तो अपमानही लक्षात ठेवला.

बर्च आणि तिच्या सहकाऱ्यांचाच १९८४ चा एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. मुलांना ‘हे प्यायलास तर तुला अमुक मिळेल’ असे आमिष दाखवून एक पेय प्यायला लावले. मुले ते प्यायली खरी, पण त्यांची त्या पेयाची आवड वाढली नाही, उलट घटली. सक्तीचे आणि लालुचीचे अन्न पोटात जाते, मनात जात नाही. तेव्हा सरावाला सन्मानाची आणि सोबतीची जोड लागते.

सोबतीचे महत्त्व मिरचीच्या उदाहरणावरून चांगले कळते. मिरचीचा तिखटपणा ही मुळात चवच नव्हे. ती जळजळ आहे. उष्णतेची वेदना ज्या ग्राहकामुळे जाणवते तोच ग्राहक मिरचीनेही जागा होतो. या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शरीर ‘जळते आहे, थुंकून टाक’ असे सांगत असताना माणूस ती आवडीने खातो, हे नवलच. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका डोंगराळ खेड्यात याचा अभ्यास करून तो १९८० साली प्रसिद्ध केला. तिथल्या लहान मुलांवर मिरचीची सक्ती कोणी करत नव्हते. मोठ्यांना आणि थोरल्या भावंडांना रोज चवीने खाताना पाहून पाच-सहा वर्षांची मुले आपण होऊन ती मागू लागत. त्याच खेड्यातली डुकरे आणि कुत्री रोज तेच मिरचीचे उरलेसुरले खात होती. पण त्यांच्यात मिरचीची आवड काही दिसली नाही. त्यांनाही सराव होता, पण पंगत नव्हती. माणूस चव शिकतो ती माणसांच्या पंगतीत.

ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इथे आली, हेही ध्यानात ठेवावे. ‘आमची अस्सल, अनादी चव’ असे जे काही सांगितले जाते, त्यातले कितीतरी असे शिकूनच आमचे झालेले असते.

नावड, किळस आणि विटाळ

इथवर नावडीचा विचार झाला. पण आपल्या समाजात अन्न नाकारण्याच्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत : नावड, किळस आणि विटाळ. या तिन्हींची गल्लत केल्यामुळे पुष्कळ अन्याय झाकला जातो.

नावड ही जिभेची. कारले कडू म्हणून नको, पेंडपाला बुळबुळीत म्हणून नको. दोन माणसांच्या जिभा सारख्या नसतात. काहींना विशिष्ट कडवटपणा फार तीव्र लागतो तर काहींना तो लागतच नाही, हे आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या १९३१ मधल्या निरीक्षणापासून माहीत झाले. हा फरक वंशपरंपरेने येतो आणि एकाच घरातल्या दोन भावंडांतही असू शकतो. म्हणून नावडीचा राग धरू नये. एखादा पदार्थ खाऊन उलट्या झाल्या तर तो एका फटक्यात कायमचा नकोसा होतो. जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांवर हे सिद्ध केले. ही सारी शरीराची भाषा आहे आणि ती सरावाने, सोबतीने बदलता येते.

किळस मात्र डोक्यातली. १९८६ सालच्या एका प्रयोगात रोझिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फळांच्या रसात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ क्षणभर बुडवून काढले. रसाला काहीही झालेले नव्हते. तरी लोकांना तो नकोसा झाला. एकदा लागले ते कायमचे लागले, असे किळसेचे गणित असते. पण रांगते मूल हाती येईल ते तोंडात घालते. त्याला किळस येत नाही. काय किळसवाणे मानायचे ते समाज त्याला पुढे शिकवतो. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या विषयावरील ग्रंथात वैदिक काळातल्या गोमांसभक्षणाचे दाखले दिले आणि पुढे ब्राह्मणांनी ते सोडल्यावर, ज्यांनी सोडले नाही वा ज्यांना सोडता आले नाही, त्यांच्यावर अस्पृश्यतेचा शिक्का कसा बसला, याची मीमांसा केली. म्हणजे जे एकेकाळी यज्ञातले होते त्याचीच पुढे किळस झाली. पदार्थ तोच राहिला. बदलले ते शिक्षण.

तिसरा विटाळ. विटाळ ना जिभेत असतो, ना पदार्थात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांतून शिजवलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश दिला आणि २००४ साली स्वयंपाकासाठी दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात एका शाळेतल्या सवर्ण मुलांनी दलित बाईच्या हातचे जेवण नाकारले. तिला आधी कामावरून दूर केले गेले आणि बोभाटा झाल्यावर परत घेतले गेले. इथे जिभेचे काय बिघडले होते? शाळा तीच, डाळ-भात तोच, फक्त हात बदलला होता. झुरळाचे गणित इथे माणसाला लावले गेले.

म्हणून ‘हळूहळू सवय होईल’ हा सल्ला नावडीला चालतो. विटाळाला चालत नाही. विटाळ पाळणाराही शेतमजुराने कापलेली ज्वारी आणि तिच्या हाताने खुडलेली भाजी जन्मभर खात आलेलाच असतो. त्या सरावाने त्याचा विटाळ गेला नाही. विटाळ हा हक्काचा प्रश्न आहे. तो कायद्याने, संघटनेने आणि स्वयंपाकघरातली ती बाई तिथेच ठाम उभी राहिल्याने सुटेल. ‘मुलांना ते जेवण आवडत नाही’ असे कोणी म्हणाले की आधी विचारावे : जेवण आवडत नाही की जेवण करणारी?

शिकण्याचा एकतर्फी व्यवहार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मी गोड आमटी शिकले, याचा मला आनंदच आहे. एक चव वाढली. पण त्या वसतिगृहात दहा जिल्ह्यांतल्या मुली होत्या आणि येसर कोणालाच शिकावा लागला नाही. आम्ही त्यांची चव शिकलो ते ‘सुधारणे’ ठरले. आमची चव कोणी शिकले नाही ते ‘आवड ज्याची त्याची’ ठरले. वजडी, रक्ती, चान्या, मुंडी हे शब्द तिथे आम्ही आवाज खाली आणूनच उच्चारत होतो. आज मी शिकवते त्या महाविद्यालयातही काही मुले डबा झाकणाआड खातात, आणि भाकरीऐवजी पोळी आणली की त्यांचा आवाज मोकळा होतो. त्यांच्या जिभेला भाकर नकोशी झालेली नसते. इतरांच्या नजरेने भाकरीवर जो शेरा मारला आहे तो त्यांनी पाठ केलेला असतो.

हाच शेरा वरून पुसला की काय होते तेही आपण पाहिले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि केंद्र सरकारने ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ असे नाव दिले. मोठ्या हॉटेलांतून भाकरी मिळू लागली. खुरपताना आमच्या आयांनी ओट्यात आणलेली तांदुळजा, कुर्डू, घोळ, पाथरी आता रानभाजी महोत्सवात मांडली जाते. धान्य तेच आणि पाला तोच. ज्यांनी तो दुष्काळात ओळखून, निवडून, शिजवून जगवला त्यांचे नाव मात्र त्या पाटीवर नसते. चव वर चढली, माणसे जिथल्या तिथे राहिली. या पार्श्वभूमीवर दलित स्त्रियांच्या अन्नस्मृतींवर शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठात २००९ साली केलेले संकलन आणि शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ चे पुस्तक मोलाचे वाटते. आमच्या चुलीला शब्द मिळाले ते अशा लेखनातून.

वरच्या वर्गाला आमचे पदार्थ शिकणे जमणारच नाही, असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगले मांस सैन्याकडे जाऊ लागले, तेव्हा तिथल्या सरकारला वाटले की गृहिणींनी काळीज, गुरदे यांसारखे अवयव रांधावेत. ते हलके मानले जात असल्याने बायका तयार नव्हत्या. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने काही गटांना उत्तम व्याख्याने दिली. काही गटांना आपसांत बोलून स्वतः निर्णय घेऊ दिला. १९४३ साली मांडलेला निष्कर्ष असा : व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते पदार्थ घरी केले, तर चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. गरज पडली आणि कमीपणाचा शेरा निघाला की आमच्या वजडीची भावंडे त्या गोऱ्या घरांतही शिजली. आपण कार्यकर्त्यांनी यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. भाषणाने ताट बदलत नाही. बसून बोलल्याने, एकत्र ठरवल्याने बदलते.

सोडणे आणि लाजणे

इथे एक आक्षेप येईल. बाबासाहेबांनीच तर १९२७ साली महाडच्या परिषदेत मृतमांस सोडायला सांगितले. मग जुन्या ताटाचा गौरव कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. महाडला जे सोडायला सांगितले ते मेलेले ढोर ओढण्याच्या सक्तीशी, उष्ट्यापाष्ट्याशी आणि त्यातून येणाऱ्या लाचारीशी बांधलेले अन्न होते. ते सोडणे हा विचारपूर्वक केलेला नकार होता. लाजेने डबा झाकणे हा नकार नव्हे; त्यात दुसऱ्याचा निकाल मुकाट्याने मान्य केलेला असतो. सोडणारा ताठ मानेने सांगतो, लाजणारा लपवतो.

म्हणून घरातले सगळेच गोड मानायचे असेही नाही. उपासमारीत खाल्लेल्या निवडुंगाच्या बोंडांचा सोहळा करू नये. कोणाला बौद्ध धम्माच्या विचाराने मांस नको असेल तर तोही त्याचा निर्णय. २०१५ च्या सुधारित कायद्याने महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातला एक स्वस्त पदार्थ गेला. त्यावर मत प्रत्येकाने बनवावे. मुद्दा एवढाच की, काय खायचे आणि काय सोडायचे हे आपल्या विचाराने ठरावे, इतरांच्या नाक मुरडण्याने ठरू नये.

करण्यासारखे

शिक्षक आणि कार्यकर्ते म्हणून आपल्याला काही गोष्टी आजच करता येतील. शाळेत मूल एखादी भाजी नको म्हणाले तर रागवू नये, आमिषही दाखवू नये. लहानसा घास पुढच्या वेळी पुन्हा ठेवावा आणि आपण त्याच्याशेजारी बसून तीच भाजी खावी. वसतिगृहात महिन्याचा जेवणाचा तक्ता मुलामुलींनी मिळून ठरवावा. एक दिवस गोड आमटीचा तसा एक दिवस येसराचा. समाजशास्त्राच्या वर्गात ‘आमच्या घरी काय शिजते आणि ते कोणी आणले’ यावर मुलांना लिहायला सांगावे, पण कोणाला वर्गात मोठ्याने वाचण्याची सक्ती करू नये.

सहभोजनाबद्दलही थोडे. १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, केवळ सहभोजनाने जात मोडत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाहात आणि शास्त्रांची पवित्रता नाकारण्यात आहे. ते विसरून आपण एका पंगतीवर समाधान मानू नये. मात्र पंगत बसणारच असेल तर ताटात काय वाढायचे, हेही विचारावे. आजवरच्या बहुतेक सहभोजनांत आम्हाला त्यांच्या ताटावर बोलावले गेले. आता पुढच्या शिबिराचा बेत ठरवताना वस्तीतल्या बायांना विचारा, त्यांच्या हातचे, त्यांच्या पद्धतीचे रांधू द्या, आणि स्वयंपाकाची मजुरी रोख द्या. पाहुण्यांनी पहिल्या घासाला तोंड वाकडे केले तरी बिघडत नाही. जीभ शिकते. त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेलाही बोलवा.